बदलीच्या गावी बुद्धिबळ

नोकरी बदलताना पगार, घरभाडं, मुलांची शाळा यांची चौकशी सगळेच करतात. खेळाची चौकशी मात्र राहून जाते, आणि सहा महिन्यांनी पट कपाटावर धूळ खात पडलेला असतो. बाहेरून मराठवाड्यात येणाऱ्या आणि मराठवाड्यातल्या मराठवाड्यातच बदली झालेल्या वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न: वय 31. चिंचवडला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. वाळूजहून ऑफर आली आहे, पगारही बरा वाढतोय. माझं क्लासिकल रेटिंग (लांब वेळेच्या डावांवरून ठरणारा ताकदीचा आकडा) 1685 आहे. पुण्यात महिन्याला एखादी रॅपिड (कमी वेळेच्या डावांची स्पर्धा) आणि वर्षाला दोन-तीन मोठ्या रेटेड स्पर्धा होतात. छत्रपती संभाजीनगरला आलो तर खेळ टिकेल का, हे येण्याआधी कसं ओळखायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: शहर केवढं मोठं आहे यावरून यातलं काही कळत नाही. तुमच्या ताकदीचे किंवा थोडे वरचे, नेमाने खेळणारे किती जण तिथे आहेत, आणि तुमच्या सुटीच्या दिवशी ते भेटतील का, एवढंच पाहायचं. त्याचा बराचसा हिशोब घरबसल्या एका संध्याकाळी होतो.

फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, रेटिंगच्या संकेतस्थळावर देश आणि महिना निवडला की त्या महिन्यात रेटिंगसाठी धरलेल्या स्पर्धांची यादी गावासकट मिळते. मागच्या बारा महिन्यांच्या याद्या चाळा. चेस-रिझल्ट्स या निकालांच्या संकेतस्थळावर गावाच्या नावानेही शोधता येतं. इथे एक अडचण हमखास येते. नावं 2023 मध्ये बदलली, पण जुन्या नोंदी ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’ याच नावांनी आहेत, आणि नव्या नोंदींत कुणी पूर्ण नाव लिहितं, कुणी नुसतं ‘संभाजीनगर’. तिन्ही-चारही प्रकारे शोधा. एकाच नावाने शोधलं तर निम्म्या स्पर्धा हाती लागत नाहीत आणि गावात काही होतच नाही असा गैरसमज होतो.

सापडलेल्या स्पर्धांचे क्लासिकल, रॅपिड, ब्लिट्झ (अतिजलद) असे तीन ढीग करा, कारण रेटिंगही तिन्हींचं वेगळं असतं. मग प्रत्येक स्पर्धेचा अंतिम निकाल उघडा. नावासमोर रेटिंग असतं, बहुतेक वेळा गाव किंवा क्लबही असतो. नावावर टिचकी मारली की त्या खेळाडूच्या सगळ्या फेऱ्या दिसतात: कोणाशी खेळला, समोरच्याचं रेटिंग किती, स्वतःचं किती बदललं. तुमच्याएवढं रेटिंग असलेला मधल्या क्रमांकावरचा एखादा खेळाडू निवडा आणि त्याचे किती डाव खरोखर रेटिंगला लागले ते मोजा.

ही मोजणी का करायची ते आकड्यांत पाहू. समजा 140 प्रवेशिका आहेत आणि त्यांत रेटिंगवाले 45. स्विस पद्धतीत (कुणी बाद होत नाही, पुढे सारखे गुण असलेले एकमेकांशी खेळतात) पहिल्या फेरीत रेटिंगच्या क्रमाने पहिला 71 व्याशी, दुसरा 72 व्याशी असा खेळतो. म्हणजे 45 च्या 45 रेटेड खेळाडूंसमोर अनरेटेड खेळाडू येतो आणि त्यातला एकही डाव रेटिंगला धरला जात नाही. दुसऱ्या फेरीतही अनेकांचं तेच होतं. सात फेऱ्यांच्या स्पर्धेत पदरात चार-पाच डाव पडतात. त्यामुळे जाहिरातीतला एकूण प्रवेशिकांचा आकडा सोडून द्या आणि रेटेड किती तेवढंच पाहा.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम. अशा तीन-चार निकालांत पुन्हा पुन्हा येणारी, त्याच शहरातली, 1635 ते 1900 च्या दरम्यानची नावं कागदावर लिहून काढा. तुमचे पुढचे जोडीदार हेच. सहा ते आठ नावं निघाली तर निर्धास्त या. तीन-चारच निघाली तर नोकरी नाकारायचं कारण नाही, पण वर्षातून तीन क्लासिकल स्पर्धा बाहेरगावी खेळायच्या असं आधीच ठरवून रजेचं बोलणं करा. एकही नाव निघालं नाही तर सराव ऑनलाइन आणि स्पर्धा बाहेर, याची मनाशी तयारी ठेवा.

निकाल चाळताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक गावांत रेटेड खेळाडूंत मुलांचीच भरती असते. 1450 चा तेरा वर्षांचा मुलगा समोर आला की तुमच्या रेटिंगचा फरक 235. फिडेच्या तक्त्याप्रमाणे तुमच्याकडून 0.79 गुणांची अपेक्षा असते. तुमचा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) 20 धरला तर जिंकल्यावर 4.2 मिळतात, बरोबरीत 5.8 जातात आणि हरलात तर 15.8. एका पराभवाची भरपाई करायला जवळजवळ चार विजय लागतात. त्यात ज्या भागात रेटेड स्पर्धा कमी होतात तिथल्या मुलांचं रेटिंग त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागे राहतं. मूल वर्षभर अभ्यास करतं, पण रेटिंग वाढवायला डावच मिळत नाहीत. असा 1450 वाला पुण्याच्या 1600 वाल्यासारखा खेळला तर नवल नाही. नव्या गावात पहिल्या वर्षी रेटिंग 40-50 ने उतरलं म्हणून खचू नका. आपला खेळ बिघडला असाही त्याचा अर्थ लावू नका.

आता नोकरीची बाजू. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांत सुटी गुरुवारी असते हे तुम्ही जाणताच. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथेही ती रविवारीच असेल असं धरून चालू नका. एक दिवसाच्या रॅपिड स्पर्धा जवळपास सगळ्या रविवारी होतात. तेव्हा ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारा. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी? शिफ्ट फिरती आहे का, आणि असल्यास किती दिवसांनी बदलते? प्रोबेशनमध्ये सलग रजा मिळते का? तिसरा प्रश्न विसरायचा नाही. नऊ फेऱ्यांची क्लासिकल स्पर्धा दिवसाला दोन फेऱ्यांनी पाच दिवस चालते. बुधवार ते रविवार असेल तर चार दिवस रजा, तीन स्पर्धांना बारा. 90 मिनिटं अधिक खेळीला 30 सेकंद या वेळेत साठ खेळ्यांचा डाव चार तास चालू शकतो, म्हणजे दोन डावांचा दिवस आठ तासांचा. हाफ डे टाकून हे जमत नाही.

घर कुठे घ्यायचं हेही खेळावर ठरवता येतं. बजाजनगरात राहिलात तर कंपनी जवळ, पण सराव शहरात. आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातला खेळायला जायचं तर पहिल्या शिफ्टनंतर ते जमतं, जनरल शिफ्टनंतर ओढाताण होते. कंपनीची बस शहरातून सुटत असेल तर गारखेडा किंवा सिडकोच्या बाजूला घर पाहा आणि बसचा थांबा पायी दहा मिनिटांच्या आत आहे ना, हे बघा.

जमलं तर रुजू होण्याआधी तिथली एक रविवारची रॅपिड खेळून जा. हॉलवर काय पाहायचं? जाहीर वेळेनंतर पहिली फेरी किती उशिरा सुरू झाली. सगळ्या पटांवर घड्याळं आहेत का, की पहिल्या दहा पटांवरच. फेरी चालू असताना पालकांना बाहेर ठेवतात का. वाद झाला तर पंच नियम सांगून निकाल देतात, की दोघांची समजूत घालून प्रकरण मिटवतात. 15 मिनिटं अधिक 10 सेकंदांच्या रॅपिडमध्ये एक फेरी पेअरिंग धरून तासाभराची होते. सात फेऱ्यांना सात तास, वर जेवणाची सुटी. सकाळी दहाची स्पर्धा रात्री नऊला संपत असेल तर आयोजन ढिसाळ आहे आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याला ते परवडणारं नाही.

शेवटची फेरी झाली की तिथल्या दोन-तीन मोठ्या माणसांना सरळ विचारा, ‘तुम्ही आठवड्यात कुठे बसता?’ कुठल्याही संकेतस्थळावर न सापडणारं उत्तर तिथे मिळतं. कुणाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, कुणाच्या गच्चीवर, वाचनालयात असे अड्डे असतात आणि ते तोंडी माहितीवरच चालतात.

अकादमीला क्लब समजण्याची चूक बरेच जण करतात. पाटीवर ‘चेस अकादमी’ असलं तरी आत संध्याकाळी पाच ते सात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची बॅच असते, मोठ्यांना तिथे जागा नसते. पण तुमच्याकडे तिथल्या प्रशिक्षकाला हवी असलेली गोष्ट आहे. त्याच्या पहिल्या पाच-सहा मुलांना 1685 चा सराव हवा असतो. शनिवारी दोन तास त्या मुलांशी घड्याळ लावून खेळायची तयारी दाखवा आणि बदल्यात रविवारी संध्याकाळी मोठ्यांसाठी खोली मागा. अशी देवाणघेवाण दोघांनाही सोयीची असते.

पुणे संभाजीनगरहून साधारण 235 किलोमीटर, रात्रीच्या बसने पहाटे पोचता येतं. नाशिक त्याहून जवळ आहे. एवढं हाताशी असताना ही नोकरी खेळासाठी सोडू नये असं आमचं मत आहे. फक्त सुटी रविवारची असल्याचं लेखी घ्या.

प्रश्न: बँकेत आहे. नांदेडहून धाराशिवला बदली झाली. मुलगी सहावीत आहे, अकरा वर्षांची, रेटिंग 1480. नांदेडला सर होते, सोबती होत्या. धाराशिवला नेलं तर तिचं नुकसान होईल का? की तिला आजीकडे नांदेडलाच ठेवावं?
— एक आई, नांदेड

उत्तर: सोबत न्या. अकराव्या वर्षी मुलीला आईपासून वेगळं ठेवावं एवढा मोठा फरक दोन गावांच्या बुद्धिबळात नाही. सर ऑनलाइन चालू ठेवता येतात, तेच सर असले तर उत्तम. आठवड्याला दीड तासाचे दोन वर्ग आणि रोज अर्धा तास कोडी सोडवणं एवढ्यावर या वयात प्रगती चालू राहते. कमी पडतं ते समोरासमोर बसून खेळणं, आणि त्यासाठी नकाशा जिल्ह्याची हद्द विसरून पाहा. धाराशिवहून सोलापूर सत्तर किलोमीटरच्या आत आहे, लातूर पाऊणशे. नांदेडला असताना सोलापूर तुमच्या विचारातही नसेल, पण आता तेच तुमचं जवळचं मोठं शहर. महिन्यातले दोन रविवार सोलापूर किंवा लातूरसाठी राखून ठेवा.

रेटिंगचं मात्र सांभाळा. अठरा वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत आणि रेटिंग 2300 च्या खाली आहे तोवर तिचा के-फॅक्टर 40 राहणार. 1580 च्या खेळाडूला हरवलं तर 25.6 वाढतात, हरली तर 14.4 जातात. वर खेळण्यात तिचा फायदा आहे. उलट 1480 च्याच खेळाडूशी हरली तर 20 जातात. असे चार पराभव झाले की ती थेट 1400 वर येते, आणि 1 मार्च 2024 पासून फिडेच्या यादीचा तळच 1400 आहे. त्याखाली गेलं की नाव यादीतून जातं आणि खेळाडू पुन्हा अनरेटेड धरला जातो. बदलीनंतरचे पहिले दोन महिने शाळा नवी, घर नवं, झोपेचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. या काळात तिला रेटेड क्लासिकलला उतरवू नका. बिनरेटिंगच्या स्थानिक स्पर्धा खेळू द्या. बसल्या जागी रेटिंग कमी होत नाही. वर्षभर एकही रेटेड डाव झाला नाही तर नावासमोर निष्क्रिय अशी खूण येते, आणि पुढचा डाव नोंदला की ती जाते.

शाळा निवडताना मुख्याध्यापकांपेक्षा क्रीडाशिक्षकांना भेटा. मागच्या वर्षी शालेय बुद्धिबळ स्पर्धेला शाळेने प्रवेशिका पाठवल्या होत्या का, एवढंच विचारा. शासनाच्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि नाव शाळेकडूनच जावं लागतं, पालकाला थेट भरता येत नाही. क्रीडाशिक्षक नसलेल्या शाळेत ही तारीख निघून जाते आणि मग वर्ष वाया. या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, त्यामुळे जूनमध्येच हे बोलून घ्या. बदली सत्राच्या मध्ये झाली तर शाळेचा दाखला काढण्याआधी तालुका आणि जिल्हा फेरीच्या तारखा विचारा.

बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांची वाट वेगळी. तिथे जिल्हा निवड चाचणी, मग राज्य, मग राष्ट्रीय. तिची फिडेची ओळखसंख्या आयुष्यभर तीच राहते, राज्य बदलत नसल्याने अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या नोंदणीत राज्यही तेच राहतं. बदलतो तो जिल्हा. नव्या जिल्हा संघटनेच्या सचिवांना बोनाफाइड आणि पत्त्याचा पुरावा जोडून पत्र द्या, आणि यंदाची निवड चाचणी ती नांदेडमधून खेळली असेल तर तेही त्यात लिहा. या वर्षी जिथून खेळली तिथूनच राज्याला जायचं असं धरून चाला. दोन जिल्ह्यांच्या चाचण्यांत नाव घातलं तर आक्षेप येतो आणि मुलीच्या नावाला उगाच बट्टा लागतो.

वयोगटाचा एक घोळ पालकांचा नेहमी होतो म्हणून सांगतो. आपल्या राष्ट्रीय स्पर्धा 7, 9, 11, 13 अशा विषम गटांत, तर जागतिक स्पर्धा 8, 10, 12, 14 अशा सम गटांत होतात. वय त्या वर्षीच्या 1 जानेवारीला मोजतात. 1 जानेवारीला अकरा पूर्ण झालेले असतील तर ती 13 खालील गटात, नसतील तर अजून 11 खालील गटात.

प्रश्न: नोकरीनिमित्त नांदेड किंवा लातूर यांपैकी एक निवडायचं आहे. रेटिंग 1550. कुठे जावं?
— एक वाचक, परभणी

उत्तर: वर चिंचवडच्या वाचकाला सांगितलेली मोजणी दोन्ही गावांसाठी करा. आकडे जवळजवळ सारखे आले तर प्रवासावर ठरवा. नांदेड रेल्वेच्या मोठ्या मार्गावर आहे. तपोवन, देवगिरी, नंदिग्राम या गाड्या संभाजीनगरमार्गे मुंबईकडे जातात आणि दुसऱ्या बाजूला निजामाबाद, हैदराबाद आहे. लातूरहून सोलापूर सव्वाशे किलोमीटर आणि पुण्या-मुंबईला रात्रीची गाडी. तेलंगण दुसरं राज्य म्हणून बिचकू नका. नोंदणीकृत खेळाडूला खुल्या रेटेड स्पर्धा देशात कुठेही खेळता येतात, बंधन असतं ते राज्य अजिंक्यपद आणि निवड चाचण्यांना. घरी परभणीला येणंजाणं ठेवायचं असेल तर नांदेडच बरं पडेल.

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. लातूर जिल्ह्यातून किनवट तालुक्यात बदली झाली. इथे बुद्धिबळ खेळणारं कुणी दिसत नाही. पाराखाली दोन म्हातारे खेळतात, पण त्यांचे नियमच वेगळे आहेत. काही सुरू करता येईल का?
— एक शिक्षक, किनवट

उत्तर: त्या दोघांपासूनच सुरुवात करा. ते खेळतात ती आपली देशी पद्धत. तिचे नियम गावागणिक थोडे बदलतात, पण ढोबळ फरक तीन. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नसतो, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येते. आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या उभ्या ओळीतल्या मोहऱ्याचं रूप घेतं, हवा तेव्हा वजीर होत नाही. ज्याला हे येतं त्याला आंतरराष्ट्रीय नियम शिकवायला तासभर पुरतो: प्याद्याची दोन घरांची चाल आणि तिच्यामुळे आलेला आंपासां (शेजारून दोन घरं गेलेलं प्यादं लगेच तिरकं मारणं), किल्लेकोट, आणि प्याद्याला हव्या त्या मोहऱ्यात बदलणं. आधी चार दिवस त्यांच्या नियमांनी खेळा, मग आपले सांगा. चूक सुधारायला आलेल्या गुरुजींशी कुणी खेळत नाही. खेळायला आलेल्या गुरुजींशी खेळतात.

मुलांसाठी सहा पट, सहा संच आणि दोन घड्याळं एवढ्याने सुरुवात होते. बारा मुलं बसतात, त्याहून जास्त एका शिक्षकाला सांभाळत नाहीत. वार आणि वेळ कायम ठेवा, आठवडी बाजाराचा दिवस टाळा. पहिले दोन आठवडे फक्त राजा आणि आठ प्यादी ठेवून प्याद्यांची लढाई खेळवा: ज्याचं प्यादं आधी शेवटच्या घरात पोचलं तो जिंकला. सगळे मोहरे पहिल्याच दिवशी दिले की मुलं वजीर घेऊन धावतात, वजीर जातो, आणि रडारड होते. हात लावला की तोच मोहरा खेळायचा हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. उशिरा लावलेली ही शिस्त पुढे स्पर्धेत महाग पडते. तिसऱ्या महिन्यात खेळ्या लिहायला शिकवा. लिहिता न येणारं मूल क्लासिकल स्पर्धेत अडकतं, कारण तिथे लिहिणं सक्तीचं असतं.

आठ-दहा मुलं असतील तर साखळी स्पर्धा घ्या. आठ जणांना सात फेऱ्या, दहा जणांना नऊ. पंधराच्या वर गेलात की स्विस, 32 जणांपर्यंत पाच फेऱ्या पुरतात. हॉलची अडचण उन्हाळ्यात येते. मे महिन्यात लग्नसराईमुळे मंगल कार्यालय मिळत नाही. शाळेचे दोन वर्ग वापरा आणि स्पर्धा सकाळी आठ ते बारा ठेवा, किनवटच्या उन्हात दुपारी पत्र्याखाली मुलांना बसवू नका.

रेटेड स्पर्धेत कधी न्यायचं? मूल घड्याळासकट चाळीस खेळ्यांचा डाव लिहून पुरा करू लागलं की. पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात, ते 26 महिन्यांत वेगवेगळ्या स्पर्धांत मिळूनही चालतात. हिशोबात 1800 रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी झाली असं धरतात. समजा पाच प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 1550 आहे. दोन काल्पनिक धरून सात जणांची सरासरी 1621 होते. मुलाने पाचांत दोन गुण केले तर सातात तीन, आणि फिडेच्या तक्त्याप्रमाणे रेटिंग 1571. एकच गुण केला तर 1463. अर्धाच केला तर 1391, म्हणजे यादीत नावच नाही. पहिल्या स्पर्धेत रेटेड खेळाडूंविरुद्ध शून्य आलं तर ती स्पर्धा हिशोबात धरतच नाहीत, त्यामुळे शून्याला घाबरून मुलांना मागे ठेवू नका.

जाण्याआधी महासंघाची नोंदणी करा आणि नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. घाईत स्पर्धेच्या दिवशी वेगळं स्पेलिंग दिलं की एका मुलाच्या दोन ओळखसंख्या होतात, डाव दोन्हींत विभागले जातात आणि पाच डाव कुठेच भरत नाहीत.

प्रश्न: शेंद्र्याला आठवड्याआड रात्रपाळी असते. क्लबला जाणं जमत नाही. ऑनलाइन खेळून चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: चालेल, पण वेळ निवडून खेळा. रात्रपाळीहून सकाळी आल्यावर तीन-तीन मिनिटांचे वीस डाव हा सराव नव्हे, थकलेला हात फक्त सवयीच्या खेळ्या करतो. आठवड्यातून एकच डाव 45 मिनिटं अधिक 45 सेकंदांचा खेळा. लिचेस या खेळाच्या संकेतस्थळावर अशा संथ डावांची साप्ताहिक संघ-लीग चालते आणि डावाची वेळ प्रतिस्पर्ध्याशी बोलून ठरवता येते, शिफ्टवाल्यांना हे सोयीचं. डाव खऱ्या पटावर मांडून खेळ्या दोन्हीकडे करा, म्हणजे डोळा पटाचाच राहतो. ऑनलाइन रेटिंग फिडेच्या रेटिंगशी ताडून पाहू नका, दोन्हींची मोजणी वेगळी आणि खेळाडूही वेगळे. रात्रपाळी संपलेल्या आठवड्याच्या रविवारी रॅपिड खेळू नका, त्यानंतरच्या रविवारी खेळा.

प्रश्न: सामान हलवताना जुना पट मोडला. स्थानिक स्पर्धांत पट-घड्याळ स्वतःचं आणा म्हणतात. काय घ्यावं?
— एक वाचक, जालना

उत्तर: गुंडाळता येणारा व्हिनाइलचा पट घ्या, घर 5 ते 6 सेंटिमीटरचं आणि कडेला अक्षरं-आकडे छापलेले. लाकडी घडीचा पट बिजागरीशी मोडतो, तुमचा तिथेच मोडला असावा. सोंगट्या प्लॅस्टिकच्या, तळाशी वजन घातलेल्या, राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच. हलक्या सोंगट्या हॉलमधल्या पंख्याखाली पडतात आणि वेळेच्या घाईत त्यावरून भांडणं होतात. प्रत्येक रंगाचा एक जादा वजीर असलेला संच मागा. चुंबकाचा छोटा पट प्रवासाला ठीक आहे, स्पर्धेत चालत नाही.

घड्याळ डिजिटलच घ्या, आणि दर खेळीला सेकंद वाढवण्याची सोय आहे ना ते दुकानातच 15 मिनिटं अधिक 10 सेकंद लावून, दोन-चारदा कळ दाबून पाहा. नुसतं उलटं मोजणारं स्वस्त घड्याळ आजच्या बहुतेक स्पर्धांत निरुपयोगी आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री हव्या त्या वेळा घरीच लावून ठेवा, सेल नवे घाला आणि जुने डब्यात वेगळे ठेवा. घड्याळ महिनाभर वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलने आतल्या पट्ट्या खराब होतात.